पाच केसपेपर एकाच दोऱ्यात बांधण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक साहेब,
शेठ सिद्धलिंगप्पा धर्मार्थ रुग्णालय,
सोलापूर.

अर्जदार : रामहरी कोंडीबा देठे, वय ५९, मूळ राहणार करकंब, हल्ली मुक्काम सात रस्त्याजवळ, सोलापूर.

विषय : मला येत्या सोमवारी वेड्यांच्या इस्पितळात न पाठविता माझी एक गोळी बदलून मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र जा. क्र. ३१२, दि. ११ नोव्हेंबर १९७४.
२) माझे केसपेपर, एकूण पाच.

महोदय,

१. मी सव्वीस वर्षे कचेरीबाहेर लिंबाखाली बसून लोकांचे अर्ज लिहीत आलो. गेल्या श्रावणात असाच एक अर्ज लिहीत असता माझे डावे अंग गेले. उजवा हात शाबूत असल्याने तो अर्ज पुरा करूनच मी आडवा झालो. पक्षकाराचे काम झाले, असे मागाहून समजले. स्वतःसाठी अर्ज लिहिण्याची ही माझी पहिलीच वेळ, तरी चूकभूल पदरात घ्यावी.

२. आपल्या खोली क्रमांक ४ मधील डॉक्टरसाहेबांनी माझा जीव वाचविला, याबद्दल तक्रार नाही. त्यांनी तीन औषधे दिली. रक्तदाब उतरावा म्हणून एक बारीक पांढरी गोळी, अंगातले पाणी काढणारी दुसरी, आणि रक्त घट्ट होऊ नये म्हणून ॲस्पिरिन. तिन्ही औषधे आपापले काम चोख करतात. अडचण एवढीच की नेमून दिलेले काम संपल्यावरही ती थांबत नाहीत.

३. पांढऱ्या गोळीने रक्तदाब उतरला व नाक चोंदले. ही बाब खोली ४ मध्ये सांगितली असता, नाक खोली ९ कडे येते, असे कळले. खोली ९ साठी नवा केसपेपर काढावा लागतो, तो काढला. तेथील साहेबांनी नाकात सोडायला थेंब दिले. थेंबांनी नाक उघडले व रक्तदाब चढला. खोली ४ ने रक्तदाब चढलेला पाहून पांढरी गोळी दुप्पट, म्हणजे दिवसाला दोन, केली. नाक दुपटीने चोंदले. खोली ९ ने थेंब वाढविले. यात माझ्या तीन फेऱ्या झाल्या. दोन्ही खोल्यांच्या मध्ये केवळ एक व्हरांडा आहे. तो व्हरांडा आजवर फक्त मी ओलांडला आहे, आणि तोही एका पायाने.

४. ॲस्पिरिनने पोटात आग पडू लागली, म्हणून तिसरा केसपेपर झाला. त्यावर खडूसारखे पांढरे पातळ औषध मिळाले. आग विझली, मात्र चार दिवस पोट हलले नाही. त्यावर एरंडेल मिळाले. त्यानंतरची हकिकत अर्जात लिहिण्याजोगी नाही.

५. आता पाण्याच्या गोळीविषयी. ही घेतल्यापासून मला दर वीस मिनिटांनी उठावे लागते. या कारणाने मला मधुमेह असावा असा संशय येऊन चौथा केसपेपर निघाला. लघवी तपासली, साखर निघाली नाही. परंतु केसपेपर एकदा निघाला की तो बंद कोणी करावा याबद्दल नियम सापडत नाही, सबब तो चालू आहे.

६. आपल्या रुग्णालयातील रांग दीड तासाची व माझा दम वीस मिनिटांचा. यावर मी रांगेत चप्पल ठेवण्याचा उपाय केला. रॉकेलच्या रांगेत सारे सोलापूर हेच करते. माझ्या डाव्या पायात चप्पल टिकत नाही. पाय पुढे जातो, चप्पल मागे राहते. म्हणून ती रिकामीच असते. तिला नंबरावर ठेवून मी मागच्या बाजूस जात असे. मागचे लोक प्रामाणिक होते, ते चप्पल पुढे सरकवीत. नाव पुकारले गेले की "चप्पल हाय की त्यांची," असे सांगतही. तरी आपल्या रजिस्टरात सात वेळा मी गैरहजर आहे आणि पुढे शेरा आहे, "उपचारास सहकार्य करीत नाही."

७. सर्वात महत्त्वाचे आता लिहितो. पांढऱ्या गोळ्या दुप्पट झाल्यापासून मला रडू येते. मी रडका माणूस नव्हे. लोकांच्या अर्जात "डोळ्यांत पाणी आणून विनंती करतो की" हे वाक्य मी हजारो वेळा घातले आणि घालताना पान चघळत होतो. हल्ली शेजाऱ्याची शेळी ओरडली तरी रडतो. परवा टोपलीत एकच भाकरी उरली होती, ती एकटी राहिली म्हणून रडलो.

८. आमच्या वाड्यात एक आड आहे. त्याच्या कठड्यावर बसून मी रोज दाढी करीत असे. दसऱ्यापासून मी तेथे बसलो की माझी पत्नी सोजरबाई समोर ज्वारी निवडत बसतात. सकाळी निवडलेली ज्वारी दुपारी पुन्हा निवडतात. मी कारण विचारीत नाही व त्या सांगत नाहीत. आपण समजून घ्यावे.

९. रडण्यासाठी पाचवा केसपेपर निघाला. गुरुवारी येणाऱ्या मनाच्या डॉक्टरांनी मला पाच मिनिटे पाहिले. रडतो, हे त्यांनी लिहिले. सहकार्य करीत नाही, हे रजिस्टरातून उतरवून घेतले. त्याच वेळी मला उठावे लागले आणि जाता जाता मी चपलेला "तू हितंच थांब," असे म्हणालो. ती केवळ सवय होती. त्यांनी लिहिले, "चपलेशी संभाषण करतो." या तीन पुराव्यांवर संदर्भ क्र. १ चे पत्र निघाले असून सोमवारी सकाळी नऊच्या गाडीने मला परगावच्या वेड्यांच्या इस्पितळात धाडण्याचे ठरले आहे. इतर चार केसपेपर त्यांनी मागितले नाहीत. दुसऱ्या खोलीचे कागद मागविण्याची पद्धत नाही, असे समजले.

१०. आता माझा पुरावा. ऑक्टोबरात आपल्याकडील पांढऱ्या गोळ्या बारा दिवस संपल्या होत्या. आठव्या दिवशी नाक उघडले आणि शेजारच्या उखळातल्या शेंगाचटणीचा वास आला. दहाव्या दिवशी मी एका जुन्या पक्षकाराची नक्कल केली व सोजरबाई हसल्या. बाराव्या दिवशी रक्तदाब दोनशेवर गेला, हेही प्रामाणिकपणे नमूद करतो. गोळ्या आल्या, रक्तदाब उतरला, हसणे गेले. म्हणून गोळी बंद करा असे माझे म्हणणे नाही. बंद केली तर मरेन हे मला कळते. चालू ठेवली तर काय होईल ते सोजरबाईंना कळते.

११. नातेपुत्याचे माझे पक्षकार धुळाप्पा, मेंढरेवाले, गेल्या आठवड्यात भेटीस आले. गोळी कशाची म्हणून त्यांनी विचारले. आपले कंपाउंडर तिप्पण्णा यांनी सांगितल्याप्रमाणे मी उत्तर दिले की सर्पगंधेच्या मुळीची. धुळाप्पा गोळी हुंगून म्हणाले, "रायटर, ही मुळी तर येड्याला देत्यात. गप पडतंय. शाण्याला दिल्यावर काय हुतंय ते आमी कदी बघितलं न्हाय."

१२. यावरून मी तिप्पण्णांकडे चौकशी केली की मला जेथे पाठविणार तेथे काय देतात. ते सज्जन गृहस्थ आहेत. आधी इकडे तिकडे बघितले, बाटल्या पुसल्या, मग म्हणाले, "तितंबी हीच की हो. पण दिवसाला चार."

१३. तरी साहेबांस विनंती की,
(अ) माझे पाचही केसपेपर एका दोऱ्यात बांधून कोणत्याही एका डॉक्टरांनी एकदाच, बसून, वाचावेत. दोरा मी आणीन.
(आ) पांढऱ्या गोळीऐवजी रक्तदाबाची दुसरी गोळी द्यावी. तिने दुसरे काही झाले तरी चालेल. खाज सुटली तर खाजवीन.
(इ) सोमवारचे पत्र तोवर थांबवावे.
(ई) माझी डावी चप्पल आज सकाळपासून खोली ४ समोर पहिल्या नंबरावर आहे. तिला हजर धरावे. एका चपलेने मला गाडीपर्यंत चालता येणार नाही, ही अडचणही लक्षात घ्यावी.

डोळ्यांत पाणी आणून विनंती आहे. या वेळी ते खरे आहे. शाई कलम आठजवळ पसरली आहे ती पाहावी.

आपला,
उजव्या अंगाने आज्ञाधारक,
रामहरी कोंडीबा देठे
सोलापूर, दि. १४ नोव्हेंबर १९७४

सोबत :
१) पाच केसपेपरांच्या नकला, माझ्या हातच्या.
२) सुतळी, दीड हात.
३) सोजरबाई रामहरी देठे यांचा जबाब, डाव्या अंगठ्याच्या निशाणीसह. मी त्यांना अर्जाच्या भाषेत सांगण्याची विनंती केली होती, ती त्यांनी मानली नाही. म्हणून सांगितला तसाच उतरविला आहे :
"आमचं मालक येडं न्हाईत. आदीपासनं असंच हायती. पर तवा हसत हुतं."