कुडाबाहेरची पानवेल

बाबा, आज पुन्हा तुमच्यावर चिडले आहे. माणूस गेलं की त्याच्यावरचा राग निवतो म्हणतात. माझा नाही निवत. रोज सकाळी चंदनसारच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत पाण्याचा मग घेऊन उभी राहते, मिरचीला पाणी घालते, अळूला घालते, मोगऱ्यावरच्या मुंग्या झटकते, तोवर बरी असते. शेवटी निळ्या ड्रमातल्या पानवेलीपाशी आले की तुम्ही आठवता, आणि प्रेमाने नाही आठवत. ती वेल तुमचीच आहे, सांडोरच्या वाडीतली.

लहानपणी वेल बांधायला तुम्हाला मीच लागायचे. पोरीची बोटं बारीक, गाठ सैल बसते पण सुटत नाही, असं पाहुण्यांना कौतुकाने सांगायचात. आणि मग तो दिवस. मी नेहमीसारखी चहाची किटली घेऊन वाडीत येते आहे. मला पाळी आल्याचं आईने सकाळीच तुमच्या कानावर घातलंय, हे मला ठाऊक नाही. तुम्ही शिडीवरून खालीसुद्धा उतरत नाही. "भायेर ऱ्हा. वेल करपंल," एवढंच म्हणता आणि पुन्हा कामाला लागता. भाऊ वाडीभोवतीच्या कुडातून हात घालून किटली घेतो. मी तिथेच उभी, कान तापलेले, नक्की काय चुकलं ते कळत नाही.

पानवेलीला विटाळ चालत नाही, हा साऱ्या वाडीवाल्यांचा नियम होता, कबूल. पण शेजारच्या काकांच्या मुली पाचव्या दिवशी न्हाऊन पुन्हा वेलीत शिरायच्या. मला तुम्ही कायमचंच बाहेर ठेवलंत. पोरीचे दिवस कोण लक्षात ठेवत बसणार, असं आईला म्हणालात. त्यानंतर माझी जागा ओट्यावर. तुम्ही खुडून आणलेली पानं मी धुवायची, लहानमोठी निवडायची, गड्ड्या बांधायच्या. खुडलेल्या पानाला माझा हात बरा चालायचा, कारण ते दुसऱ्याच्या तोंडात जाणार होतं. आजोबांचं पान खुडायचं लोखंडी नख तुम्ही भावाला दिलंत. त्याने ते स्क्रू फिरवायला वापरलं, आणि तुम्ही हसलात. मी जे शिकले ते कुडाच्या फटीतून बघून शिकले. माती केव्हा चढवायची, सावली किती ठेवायची, कोणतं पान धरायचं आणि कोणतं सोडायचं. तुम्ही मला त्यातलं काहीही शिकवलेलं नाही, हे एकदा तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं.

तुमच्या मागे भावाने वाडी साफ केली आणि लग्नाचं लॉन केलं. मातीवर हिरवी प्लास्टिकची चटई आहे. रविवारी तिथे बायका उंच टाचांच्या चपला घालून नाचतात, आणि कुणाला पाळी आहे का हे दारात कुणी विचारत नाही. बुलडोझर येण्याआधी मी वेलीचा एक फाटा ओल्या गोणपाटात गुंडाळून आणला. भाऊ म्हणाला, फ्लॅटमध्ये जगणार नाही. जगला. दोन-तीन वर्षांत गॅलरीची जाळी भरून गेली. मी त्याला महिन्याच्या सगळ्या दिवसांत हात लावला, मुद्दाम लावला, आणि पानं तळहाताएवढी झाली.

या उन्हाळ्यात मात्र वेल पिवळी पडायला लागली. कडा जळाल्या, शेंडा मान टाकून बसला. तुमची ही एवढीच शिल्लक, म्हणून घाबरून भावाला फोन केला. वाडी होती तेव्हाही पान खुडायला गडी ठेवणारा तो, पण म्हटलं घरातला आहे, काहीतरी सुचवेल. तो म्हणाला, "ताई, कुणाचा तरी विटाळ झाला असेल. बाबा सांगायचेच ना." मग मी त्याला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तुमचा वाटाही त्यालाच ऐकावा लागला.

वेलीला झालं होतं ते वेगळंच. सोसायटीची बोअर आटली होती, टँकरचं पाणी खारट यायचं, आणि ड्रमातल्या मातीवर पांढरा थर धरला होता. वरची माती खरवडून काढली, नवी भरली, पिण्याच्या नळाचं पाणी वाचवून घातलं. आता पेरापेरांतून कोवळी पानं फुटलीत. भावाला मी फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

पण त्या दुपारी फोन ठेवल्यावर काय केलं, ते कुणाला सांगितलेलं नाही. राग तसाच होता, आणि मी बोटांवर दिवस मोजायला लागले. वेल कधी पिवळी पडली, तेव्हा मी कितव्या दिवशी होते, हात लावला होता का. अनामिकेपर्यंत मोजत आले, बाबा, आणि मग आठवलं की पाळी जाऊन मला वर्षं झाली.