हातमोजा उलटून पाहणारा वेटर

होव्ह, २ मार्च १९७७

ती. एनिडताईस, मॉरिसचा सा. न.

तुझ्या गुडघ्याची चौकशी शेवटी करतो, आधी बातमी. काल इथल्या चर्चच्या हॉलमध्ये १९३६चा एक संगीतपट दाखवला. त्यात एक वेटर आहे. दोन ओळी गातो, तबक डोक्यावर धरून गिरकी घेतो आणि जातो. ताई, ते आपले बाबा आहेत. म्हणजे त्या वर्षी घर सोडून गेले ते खरंच लंडनला सिनेमात काम करायला. बाबांना पळवून नेणारी आईची ती ‘लंडनवाली’ कुठे नव्हतीच. पुढच्या शनिवारी, १२ तारखेला दुपारी हाच चित्रपट टीव्हीवर आहे. आईला दाखव.

गुडघा कसा आहे? लोभ असू दे, हे वाचल्यावरही.

तुझा मॉरिस

नॉर्थॅम्प्टन, ५ मार्च

चि. मॉरिस यास अनेक आशीर्वाद.

गुडघा आहे तसाच. तू मात्र डोळे तपासून घे. बाबा घर सोडून गेले तेव्हा तू तीन वर्षांचा होतास आणि तेव्हापासून त्यांचा वकील आहेस. पडद्यावरच्या नावांत आपलं आडनाव, टेबट, होतं का? नसणारच, नाहीतर पहिल्याच ओळीत लिहिलं असतंस. त्या काळी बारीक मिशीवाला प्रत्येक जण बाबांसारखाच दिसायचा. गेल्या रविवारीसुद्धा आई मटण वाढताना म्हणाली की लंडनवालीने त्याला असं कधी खाऊ घातलं नसेल. बाबांना जाऊन सोळा वर्षं झाली, तरी त्यांची सुटका नाही.

खरं सांगते, मला भीती वाटते. आईचं ऐकून मी बाबा परत आल्यावर, अगदी त्यांच्या शेवटच्या दुखण्यातही, त्यांच्याशी धड बोलले नाही. तुझं खरं निघालं तर मी तोंड कुठे लपवू? तेव्हा पुरावा असेल तरच पुन्हा लिही. मुलांना पापे.

तुझी संशयी बहीण,
एनिड

होव्ह, ८ मार्च

ती. ताईस सा. न.

नाव ‘क्लाइव्ह डेअर’ आहे. सिनेमात असली नावं घेतातच. आणि हा घे पुरावा. नायिका आपला हातमोजा त्याच्या तबकात टाकते. तो गाता गाता हातमोजा उचलतो, चामड्यावर अंगठा फिरवतो, जरा ताणतो आणि उलटून पाठ बघतो. कुठला नट असं करील? चौदाव्या वर्षापासून बुटांचं चामडं कापणाऱ्याचा अंगठा आहे तो. आजीच्या दफनाला त्यांनी पाद्रीबाबांचं चामडी बांधणीचं बायबलसुद्धा असंच उलटून पाहिलं होतं. तेव्हा तूच हसली होतीस.

शनिवारी अडीच वाजता. संशय बाजूला ठेवू नकोस, सोबत घेऊनच बस.

तुझा मॉरिस

नॉर्थॅम्प्टन, १३ मार्च

चि. मॉरिस यास आशीर्वाद.

अंगठा बाबांचाच. त्यांनी हातमोजा उलटला आणि माझ्या हातून बिस्किटांची बशी पडली. मी रडत होते, आई मात्र ढिम्म. ओळखलंस का, असं मी विचारलं. ती म्हणाली की न ओळखायला काय झालं, तेव्हाच तीनदा पाहिलाय मी हा सिनेमा, तुम्हा दोघांना शेजाऱ्यांकडे ठेवून.

मग ती लंडनवाली? आई म्हणाली की कोणी नव्हती. असती तर बरं झालं असतं, झिंज्या धरून बाहेर काढली असती. पण घरात कधी न हसणारा माणूस तिथे डोक्यावर तबक घेऊन हसत होता, त्याच्याशी भांडायचं कसं? त्यातच बाबांचं पत्र आलं की पुढच्या चित्रपटात त्यांना एक अख्खं गाणं मिळालंय. आईने त्याच दिवशी तार केली: एनिडला भयंकर ताप, ताबडतोब या. बाईची गोष्ट तिने नंतर रचली. लोकांना ती पटकन पटली. मलाही.

मॉरिस, मला ताप आलाच नव्हता. आता सगळं आठवतं. बाबा प्रवासाची पेटी घेऊन आले तेव्हा मी अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दारातल्या आईकडे पाहिलं. मग पेटी खाली ठेवली, माझ्या कपाळाला हात लावला आणि म्हणाले की उतरला वाटतं ताप. सोमवारी ते पुन्हा बुटांच्या कारखान्यात गेले.

माझ्यावर लोभ कर, जमेल तेवढा. बाबांच्या वाटचाही तुझ्याकडेच मागते आहे.

तुझी एनिड