दुसरा रांजण

१२ मार्च १९८३, उदगीर

चूल सारवली, चार भाकरी थापल्या, ह्यांना चहा दिला. "संध्याकाळी उशीर होईल," म्हणाले. "कधी होत न्हाई?" मी म्हणाले. तेच शेवटचं बोलणं. त्या दुपारी शेतातच गेले. तीन वर्षं झाली.

आजही तसंच उठले, चूल सारवली. भाकरी एकच. मग टँकरच्या रांगेत उभी राहून वीरण्णाच्या बारचे दोन्ही रांजण भरले. ते माझं काम. ज्या बारवर मी जळायचे, तिथंच आता पोट भरतं.

१५ मार्च

दुष्काळ, म्हणून वीरण्णा टेबलामागं एकच तांब्या देतो. खिडकीजवळचं टेबल ह्यांचं. हे गेल्यावर ह्यांचे दोस्त गुंडप्पा आणि साहेबराव तिथं दोघंच बसायचे, तिसरी खुर्ची रिकामी ठेवून. आज त्या खुर्चीवर शेषेराव बसला — नवा जिल्हा झाल्यावर लातूरहून आलेला कारकून. गुंडप्पानंच बोलावलं. साहेबराव ग्लास उचलून दाराजवळ जाऊन बसला.

"रुसला का नवरीवानी?" गुंडप्पा म्हणाला.

"तुला नवा जिल्हा मिळाला. मजा कर."

१९ मार्च

अजून बोलत नाहीत. साहेबरावचा तांब्या अर्धा तसाच राहतो. दोघं बोलायचे तेव्हा ह्यांचं नाव निघायचं. मी मागच्या दाराशी ग्लास विसळत ऐकायचे. चार दिवस कुणी नाव काढलेलं नाही.

घरी पुड्यांचे कागद वाचत बसले. अक्षरं त्यांवरच शिकले. आज एकही ओळ डोक्यात शिरली नाही.

२२ मार्च

टँकर निम्माच आला. एकच रांजण भरला. वीरण्णानं टेबलं जोडली. "समद्यांत मिळून दोन तांबे. भांडायचं तर घरी जाऊन भांडा, तिथं पाणी असलं तर."

गुंडप्पा शेषेरावला ह्यांची गोष्ट सांगत होता — "आमच्या मलप्पानं देगलूरच्या बाजारात बैल घेतला. त्याला तेलुगूबिगर काई कळंना. मग दिला परत."

"परत न्हाई दिला," साहेबराव भिंतीकडं बघत म्हणाला. "दोन दिस त्या बैलवाल्याच्या घरी राहिला. तेलुगू शिकून आला."

गुंडप्पा हसला. मग साहेबरावही.

हे त्या बैलाशी तेलुगू बोलायचे, ते मी रोज ऐकलंय. कुठं शिकले, कधी विचारलं नाही. त्या दोन दिवसांचं मला सांगितलं होतं, बस चुकली.

२३ मार्च

दोन्ही रांजण भरले. टेबलं वेगळी झाली. साहेबराव पुन्हा दाराशी.

गुंडप्पा गोष्ट सुरू करतो, साहेबराव ती खरी करतो. एकट्याकडून मला काही मिळायचं नाही.

२४ मार्च

टँकर काठोकाठ भरून आला. मी एकच रांजण भरला.