पुन्हा लिहिलेली वही

१७ ऑगस्ट, रविवार
दु. ४ ते ५. आठवड्यातला हा एकच तास मानसीच्या हातात फोन असतो, बाकी वेळ तो त्या जहाजांच्या कॉलेजच्या कपाटात. पावणेचारलाच खुर्ची खिडकीशी ओढून बसले, तिथे रेंज बरी येते.
"आई, तू बोल, मी नुसती ऐकते." मी घरातलं काहीबाही सांगत राहिले आणि ती झोपून गेली. तिचा श्वास ऐकत बसले. शेवटी तिकडे कुणीतरी "सोलापूर, ऊठ, हजेरी" म्हणालं (तिथे तिला गावाच्या नावानंच हाक मारतात) आणि फोन बंद झाला.
मागच्या रविवारी सांगितलेलं वेळापत्रक इथे उतरवून ठेवते, म्हणजे दिवसभरात केव्हाही कळेल ती कुठे असेल. साडेपाचला परेड. मग पोहणं. आठ ते एक वर्ग, दोन ते पाच वर्कशॉप किंवा ड्रॉइंग. संध्याकाळी सक्तीचा अभ्यास. विषय अकरा. नौकानयन, हवामान, जहाजाचा तोल, इंजिनं, गणित, पदार्थविज्ञान... बाकीचे तिलाही आठवेनात.
पोरीनं समुद्र पहिल्यांदा पाहिला तो प्रवेशाच्या मुलाखतीला गेल्यावर. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. असते तर त्यांच्या नोकरीच्या होटगी स्टेशनभर सांगत सुटले असते.

७ सप्टेंबर, रवि.
पहिल्या चाचण्या झाल्या. अकरापैकी चारांत नापास. रडली नाही, त्याचंच मला जास्त वाटलं.
"आई, जहाज कललं की परत सरळ का होतं, ते मला कळतं. कागदावर मांडता येत नाही."
पोहण्याच्या सरांनी विचारलं म्हणे, "सोलापूरला पाणी चार दिवसांनी येतं ना, मग काय बादलीत पोहायला शिकलीस?" मुली हसल्या, हीही हसली. मला सांगतानाही हसली. नंतर म्हणाली, "तसं खरंच आहे."
आणखी एक काम पहिल्या आठवड्यापासूनच मागे लागलंय. नि. वही, म्हणजे निरीक्षणाची वही. दिवसातून चारदा गच्चीवर जाऊन लिहायचं: वारा कुठून, ढग आकाशाच्या आठ भागांतले किती, हवेचा दाब, समुद्र कसा आहे. पाऊस असो, ताप असो. एकदा जेवण सोडून पळावं लागलं.
मी म्हटलं, "अक्षर नीट ठेव."
"आई, तिथे वारा असतो."

१९ ऑक्टो., रवि.
मानसी घरी. सोलापूर स्टेशनवर मी तिला ओळखलंच नाही, ती समोर येऊन उभी राहिली तरी. केस कानापर्यंत. मनगटं केवढीशी.
आल्यापासून झोपतेच आहे. रुक्मिणी भांडी घासता घासता म्हणाली, "बाई, लेकराला कोन मारतंय का तितं? लई वाळलीय की." मी म्हटलं, अभ्यास मारतो. "आसला कसला अभ्यास म्हनायचा," म्हणाली आणि आवाज न करता भांडी लावायला लागली. एरवी सगळ्या गल्लीला ऐकू जातात.
बॅगेतून कपडे काढताना नि. वही हाताला लागली. बघवेना. पानं पावसानं फुगलेली, चहाचे डाग, शाई पसरलेली, ओळीओळीला आडव्या रेघा आणि त्यावर काहीतरी गिचमिड. मी तिला चौथ्या वर्षी पाटीवर वळण शिकवलं. तिचं आणि माझं अक्षर एकच, बँकेतसुद्धा गोंधळ व्हायचा. आणि ही वही.

२३ ऑक्टो., गुरु.
तीन दिवस लिहितेय. चौकातल्या दुकानात तसंच जाड रजिस्टर मिळालं. मानसी आतल्या खोलीत ड्रॉइंगची शीटं पुरी करतेय, मी स्वयंपाकघरात. तिला सांगितलं नाही. सुट्टीत तिच्या डोक्यावरचं एक तरी ओझं कमी झालेलं मला बघायचंय.
किती वर्षांनी फाउंटन पेन धरलं. शाळेतल्या सिस्टर ॲग्नेस आठवल्या. पानावर एक डाग पडला की त्या ते पान शांतपणे फाडायच्या आणि म्हणायच्या, "परत. देवाला स्वच्छ प्रत आवडते." बाकं, खडूचा वास, रविवारी चर्चमधून येणारा मुलींचा आवाज. आम्ही मराठी मुली मागच्या रांगेत, वेण्यांना निळ्या रिबिनी. त्यांच्यामुळेच मी पुढे तीस वर्षं पहिलीच्या मुलांची अक्षरं घडवली.
खोडलेलं सगळं गाळलं, बरोबर तेवढंच उतरवलं. कुठे कुठे सरांच्या छोट्या सह्या होत्या. त्या कशा करणार, जागा सोडली. नवी वही बघून सर परत सह्या करतील.

२५ ऑक्टो., शनि.
सकाळच्या गाडीनं गेली. नवी वही तिच्या बॅगेत तळाला ठेवली, वर चिठ्ठी: "तुझी वही, तुझ्यासारखीच स्वच्छ." जुनी दिवाळीच्या वर्तमानपत्रांबरोबर रद्दीत दिली.
आज बरं वाटतंय. बऱ्याच दिवसांनी तिच्या काही उपयोगी पडले.

२ नोव्हेंबर, रवि.
चारला फोन नाही. साडेचारला नाही. पावणेपाचला आला.
"आई, जुनी वही कुठाय?"
"रद्दीत दिली गं. का?"
तिनं एकदा "रद्दीत" म्हटलं.
मग सांगितलं, एकाच सुरात, धडा म्हणून दाखवावा तसं. जहाजावरच्या नोंदीत खोडायचं नसतं, पान फाडायचं नसतं. चुकलं तर चुकीवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला आपली आद्याक्षरं. हे त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवतात. जहाजाला काही झालं तर ह्याच नोंदी बघतात, म्हणून. चुका नसलेली वही म्हणजे बसून रचलेली वही.
वही पहिल्याच सकाळी गोळा केली. सरांनी पानं चाळली, रिकाम्या सह्या पाहिल्या, विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"
"तू काय म्हणालीस?"
"मी म्हटलं, मीच."
आता त्यांचं म्हणणं, ही गच्चीवर गेलीच नाही, अडीच महिन्यांच्या नोंदी घरी बसून बनवल्या. चौकशी होणार. दोषी ठरली तर पहिलं वर्ष रद्द, कदाचित नावही कमी.
ती गिचमिड म्हणजे तिची आद्याक्षरं होती. मी ती गाळली.

३ नोव्हें., सोम.
सकाळी नऊला रद्दीवाल्याकडे. हसनभाई पेपर बांधत होते.
"मॅडम, दिवाळी की रद्दी अब तक रखतूं क्या मैं? कबकीच मिल को गई."
मी म्हटलं, एक जाड वही होती, भिजलेली.
"भीगी हुई थी ना, याद है, वजन में काटा था मैंने." मग माझ्या तोंडाकडे बघून स्टूल पुढे केलं. "बैठो. पानी पिओ. जमीन के कागजात थे क्या?"
नाही म्हटलं, मुलीचा अभ्यास होता. ते उठले. मागच्या गोदामात जाऊन खरंच शोधून आले. हात काळे झाले होते.

९ नोव्हें., रवि.
मानसीला म्हटलं, मी प्राचार्यांना पत्र लिहिते. वही मी उतरवली, जुनी मी टाकली, पोरीला ठाऊकही नव्हतं. सगळं खरं आहे.
"नको."
"अगं, पण खरं आहे ते."
"आई, मी 'मीच लिहिली' म्हणून सांगितलंय. तुझं पत्र आलं की मी खोटारडी. आत्ता निदान नुसती आळशी आहे."
"मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"
"चिठ्ठी तुझी होती ना वर."
तिनं आपणहून विषय बदलला, गोलावरच्या त्रिकोणांच्या गणितात तेहतीस मिळाले म्हणाली. पासाला चाळीस लागतात.

३० नोव्हें., रवि.
चौकशी लांबलीय. तोवर तिला नव्यानं नोंदी ठेवायला सांगितल्यात, आता रोज सहा वेळा. अकरा विषय तेच. ड्रॉइंगची दोन शीटं परत केली. पोहण्यात पन्नास मीटर झाले, हे एकच चांगलं.
फोन सात मिनिटं. पूर्वी ती मला बोलायला लावायची. आता मी विचारते, ती उत्तर देते.
मी विचारलं, "आज ढग किती?"
"तीन." मग "आई, त्याबद्दल नको विचारूस."

११ डिसेंबर, गुरु.
रुक्मिणी मंद्रूपला आपल्या मुलीचं बाळंतपण उरकून आली. मानसीचं विचारलं. सांगावंसं वाटलं, सगळं सांगितलं.
"आवो, तुमी चांगल्यासाठीच केलं न्हवं?"
"हो."
"मग पोरीला म्हनावं, चुकलं माजं."
मी म्हटलं, पहिल्याच दिवशी म्हटलं.
"तसं न्हाय. निस्तं तेवडंच म्हनायचं. म्होरं काय जोडायचं न्हाय."
तिचं खरं होतं. मी दर वेळी पुढे जोडत होते: पण तू किती थकली होतीस, पण मला वाटलं. दर वेळी पण.

२१ डिसें., रवि.
पहिल्या सत्राचा निकाल. दहात पास. 'जहाजाचा तोल' राहिला, चार गुणांनी. निरीक्षणाचे गुण राखून ठेवलेत, चौकशी जानेवारीत. नाताळच्या सुट्टीत घरी येणार नाही, नोंदी मध्येच सोडता येत नाहीत.
मी म्हटलं, "चुकलं माझं." आणि गप्प राहिले. फार अवघड गेलं.
ती म्हणाली, "हं."
फोन ठेवून दिला नाही तिनं. तिकडून वाऱ्याचा आवाज येत होता.

२५ डिसें., गुरु.
सकाळी चर्चवरून गेले. लहानपणी आजच्या दिवशी सिस्टर आम्हाला केकचा तुकडा आणि एकेक चित्र द्यायच्या. मानसी लहान असताना तिला दर वर्षी गोठ्याचा देखावा दाखवायला आणायचे, ती मेंढ्या मोजायची. आज आत गेले नाही.
घरी दोन कपांचा चहा टाकला. सवय.

१४ जानेवारी, बुध.
गड्ड्याच्या यात्रेची गर्दी आमच्या कोपऱ्यापर्यंत आलीय. शेजारच्या मुलींनी बांगड्या आणायला येता का विचारलं, डोकं दुखतंय म्हटलं.
प्राचार्यांना पत्र लिहिलं. साध्या अक्षरात, एक पान. मी काय केलं, केव्हा, का. मुलीनं मला वाचवायला स्वतःचं नाव सांगितलं, तिला ह्याची शिक्षा देऊ नका.
मानसीनं नको म्हटलंय. पण चौकशी ह्याच महिन्यात आहे. मी गप्प बसले आणि तिला घरी पाठवलं तर? लिहिलं आणि ती कायमची... पोस्टात जाईपर्यंत दोनदा परत फिरले. तिसऱ्यांदा काउंटरवर दिलं.

१८ जाने., रवि.
चारच्या ठोक्याला फोन.
"पत्र आलं ऑफिसात. सरांनी मला वाचून दाखवलं."
"मानसी, ऐक."
"आई, तू परत माझ्या वहीत लिहिलंस."
फोन ठेवला. पाचपर्यंत मी तिथेच.

२२ जाने., गुरु.
कॉलेजच्या ऑफिसातून फोन. बुधवारी चौकशी समिती बसणार, पालकांनी हजर राहावं. बाईंचा आवाज सौम्य होता. मी विचारलं, ह्यातून तिचं भलं होईल का. म्हणाल्या, "मॅडम, ते मी नाही सांगू शकत. नवीन नोंदीही समितीसमोर ठेवणार आहेत, एवढं माहितेय. एकही वेळ सुटलेली नाही म्हणतात."

२५ जाने., रवि.
फोन येईल असं वाटलं नव्हतं. चार पंचवीसला आला.
मी म्हटलं, "मला बोलावलंय. तू नको म्हणालीस तर तब्येतीचं कारण देऊन राहीन."
"कारण कशाला काढतेस? नाही यायचं तर नाही म्हण."
"यायचंय."
"मग ये." आणि लगेच, "पण आत मी बोलणार. मी खोटं बोलले होते, तेसुद्धा मीच सांगणार. तुला विचारलं तरच तू बोल."
"बरं."
"आणि मी रडले तर मध्ये पडू नकोस."
"बरं."
"नक्की ना आई?"
मी हो म्हटलं. जमेल की नाही, ठाऊक नाही. काय आणू विचारलं, तर म्हणाली, काही नको.

२७ जाने., मंगळ.
सव्वादहाची गाडी, पुण्याहून पुढे बस. आज मुक्काम कॉलेजजवळच्या लॉजवर, उद्या अकराला समिती. ती फाटकाशी येईल की थेट आत भेटेल, हे विचारायचं राहून गेलं. आता रविवारपर्यंत फोन नाही.
रुक्मिणीनं शेंगाचटणी, कडक भाकऱ्या, तिळाच्या वड्या, सगळं पिशवीत भरून ठेवलं होतं. "रिकाम्या हातानं कुटं जाताय, बाई? लेकरू वाट बगत आसंल की."
तिला घरी पाठवलं आणि सगळं बाहेर काढून ओट्यावर मांडून ठेवलं. चष्मा, तिकीट, एक साडी. पिशवी एवढी हलकी आहे की दोनदा उघडून बघितली.
खाली रिक्षा आलीय.