कूलरसमोरचा तेलाचा थेंब

अमडापूर, बुधवार

आदरणीय नागसेनमामा,

सविनय जय भीम.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींनी हिवरा आश्रमहून पाठवलेलं लिंबाचं लोणचं पोचलं आणि संपलंही (बरणी परत करायची आहे, हे आईच्या लक्षात आहे, माझ्या नाही). इकडे सगळे मजेत आहेत, फक्त आई तीन दिवसांपासून माझ्याशी बोलत नाही. तिनं तुम्हाला फोनवर रविवारची हकीकत सांगितलीच असेल. आता माझी बाजू ऐका.

वारा एखाद्या वस्तूला किती घासून जातो हे मोजायचं, हेच माझं पीएचडीचं काम. गुळगुळीत काळ्या फरशीवर प्रयोगाच्या सिलिकॉन तेलाचा थेंब ठेवून वर वारा सोडायचा. तेल पातळ पसरत जातं आणि पिवळ्या सोडियम दिव्याखाली त्यावर काळे-पिवळे पट्टे उमटतात. पट्टे जितके रुंद, तितका वारा जास्त घासतो. कॉलेजातलं वाऱ्याचं यंत्र बंद पडलेलं आणि सरांना फोटो सोमवारी हवेत, म्हणून मी बैठकीतला कूलर बिनपाण्याचा लावला (सरांना हे सांगायचं नाही), ओट्याच्या उरलेल्या ग्रॅनाइटवर थेंब ठेवला आणि खिडक्या लावून दिवा पेटवला. नेमके तेव्हाच बीबी गावचे पाहुणे मला बघायला आले. अकराला येणार होते, साडेनऊलाच आले. यात माझा काय दोष?

चाळीस मिनिटं कूलरसमोर कुणी यायचं नाही, असं मी बजावलं. पाहुणे बिचारे भिंतीला टेकून रांगेत बसले. त्या दिव्यात सगळे रंग मरतात, त्यामुळे आईनं घाईघाईत नेसवलेली डाळिंबी साडी राखेच्या रंगाची दिसत होती आणि पाहुणे काविळीचे. मुलाचे वडील पुंजाजी यांचा तेलाचा घाणा आहे. तेल दिसलं की बोट घालायचं, ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. ते उठले, थेंबात बोट बुडवलं, अंगठ्याशी चोळलं, हुंगलं आणि कळवळून म्हणाले, "पोरी, तुले कोनं तरी फसवलं वं. ह्या तेलाले वासच नाही."

पट्टे गेले. मामा, मला खरंच रडू आलं.

तेव्हा मुलगा, धम्मदीप, पहिल्यांदा बोलला. "तेल किती गरम होतं, लिहून ठेवलं काय तुमी? घाण्यावर आमी पाह्यतो, गरम तेल लवकर धावते."

मी लिहिलं नव्हतं. तापमान नसेल तर तेलाचा दाटपणा चुकतो, आणि मग माझं सगळं गणितच चुकतं. म्हणजे पुंजाजींनी बोट घातलं नसतं, तर सोमवारी सरांकडे चुकीचे आकडे गेले असते. घरात ताप मोजायचा थर्मामीटर तेवढा होता, तोच धम्मदीपनं फरशीला टेकवून धरला. मे महिन्यात आपल्या बैठकीला एकोणचाळीस ताप असतो, त्यामुळे काम भागलं. पाहुणे पुन्हा चाळीस मिनिटं बसले, पुंजाजी तर हात पाठीमागे बांधून. पट्टे असे लख्ख आले की मी आनंदानं टाळ्या वाजवल्या.

निघताना त्यांनी माझा विचार विचारला. मी म्हणाले, एकाच प्रयोगावरून मी निष्कर्ष काढत नाही. तेव्हापासून आई बोलत नाही.

तुमची भाची,
धम्मशीला

ता. क. सरांना फोटो फार आवडले. तरी प्रयोग पुन्हा करणं शास्त्राला धरून आहे, हे आईला तुम्हीच पटवा आणि येत्या रविवारी बीबीच्या मंडळींना बोलावून घ्या. थर्मामीटर धरायला माणूस लागतो, असं सांगा.

आणखी एक. या खेपेला दिवा लावणार नाही आणि खिडक्या सगळ्या उघड्या ठेवणार आहे. त्या पिवळ्या उजेडात धम्मदीप नीट दिसला नाही.