तीन मिनिटं तोंड मिटून खायचं फळ

तीर्थस्वरूप ताई,

गुडघा परवानगी देतो तितकं वाकून नमस्कार. तुझी कंबर कशी आहे ते सविस्तर कळव. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते मला गुरुवारी दुपारी प्रथमच कळलं. त्याचीच ही हकीकत.

थोरल्या लेकीने एक डबी आणली. आत बर्फावर तीन लालचुटुक फळं, शेंगदाण्याहून जराशी मोठी. उष्ण प्रदेशातल्या जंगलातलं झाड, म्हणाली. गर जिभेवर घोळवला की पुढे अर्धा तास आंबट ते सगळं गोड लागतं. आता माझी मतं तुला ठाऊक आहेत. परमुलखातली फळं विमानाने आणून कौतुकाने खाणाऱ्यांवर मी वाचनालयात दीड तास बोललो आहे (पहारेकरी दिवे घालवून गेला, तरी बोललो). पण ही फळं गावाबाहेरच्याच रोपवाटिकेतली आहेत, असं पोरीने तीनदा सांगितलं. तीनदा का, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

खायची रीत अशी: बी चावायची नाही, गर गिळायचा नाही आणि तीन मिनिटं तोंड उघडायचं नाही. "एक शब्द बोललात की वाया, बाबा." तुझ्या भावजयीने स्वयंपाकघरातलं घड्याळ टेबलावर आणून ठेवलं. शेजारी लिंबाच्या फोडी.

पहिलं फळ तोंडात टाकलं आणि जिभेच्या रचनेविषयी एक शंका मनात आली, ती बोलून दाखवली. बोलता बोलता फळ घशाखाली गेलं. वर लिंबू चोखलं, डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या वेळी पंधरा सेकंद गप्प होतो (घरात याची नोंद आहे), पण खिडकीतून पाहतो तो गेल्याच महिन्यात केलेला रस्ता पुन्हा खणत होते. अशा वेळी नागरिकाने गप्प बसायचं? हे फळ बीसकट गेलं. पुन्हा लिंबू, पुन्हा पाणी.

मग थोरलीकडे पाहिलं. ताई, फळासाठी कुणी एवढं कासावीस होत नाही. "शेवटचं आहे, बाबा," एवढंच म्हणाली. मी फळ तोंडात ठेवलं आणि दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

घड्याळ लावताच पोरगी बोलू लागली. लग्न करायचंय, रोपवाटिकावाल्याशी, ही फळं त्याचीच. नोकरी सोडून तिथेच कलमं बांधणार. दहा दिवसांनी त्याचे वडील बोलणी करायला येतायत आणि तुम्हाला अजून पत्ता नाही, चार महिने सांगू पाहतेय. (हे खरं आहे. मागे एकदा "मला काही सांगायचंय" असं म्हणाली होती, तेव्हा मुलींनी मनातलं निर्भयपणे बोललं पाहिजे या विषयावर मी पाऊण तास बोललो. ती अकराव्या मिनिटाला झोपली.)

माझ्याकडे विरोधाचे सात मुद्दे तयार होते. दुसऱ्या मिनिटाला ती तिथल्या मातीबद्दल सांगू लागली, तेव्हा चार उरले. तिसऱ्या मिनिटात तिचा चेहरा असा काही उजळला होता, की एकही सापडेना. घड्याळ वाजलं. बी बशीत ठेवली. दोघीही माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी लिंबाची फोड सालीपर्यंत चोखली आणि म्हटलं, "गोड आहे."

पोरगी रडायलाच लागली. ताई, दोन शब्दांचं भाषण. एवढा परिणाम मला दीड तासात कधी साधता आलेला नाही. त्या आनंदात नऊ लिंबं खाल्ली. जीभ फसली, पोट फसलं नाही, म्हणून पत्राला दोन दिवस उशीर झाला.

तुझा,
(सध्या पातळ भातावर असलेला) भाऊ

ता. क. रोपवाटिकावाला काल भेटला. पोरगा सरळ आहे. म्हणाला, मिनिटभर घोळवलं तरी पुष्कळ, आणि गिळलं नाही तर मध्ये बोललेलंही चालतं. मग तीन मिनिटांची मौनाची अट कुणाची, असं थोरलीला विचारलं. म्हणाली, "आत्याची."

आणखी ता. क. होणारे व्याही काल फोनवर माझ्याशी खताबद्दल पन्नास मिनिटं बोलले. मला फक्त 'हॅलो' म्हणता आलं, तेही त्यांनी पुरतं ऐकलं नाही. हे फळ त्यांच्याच बागेतलं, त्यामुळे त्याची खरी रीत त्यांना ठाऊक. तेव्हा तासभर तोंड मिटून खावं लागतं असं दुसरं एखादं फळ शोधून पाठव. न मिळालं तर कुठलंही पाठव, रीत तू लाव.