तिसऱ्या घराची घरभरणी

जव्हार, ३ ऑक्टोबर १९५३
इन्कमटॅक्सच्या कचेरीतून पत्र. नाव ह्यांचं, खाली 'मयत, तर्फे पत्नी'. १९५० साली विकलेल्या घराचा नफा हा धंद्याचा नफा का धरू नये, ते लेखी कळवा. तीनदा वाचलं. शाळामास्तर आणि धंदा! जाऊन सव्वा वर्ष झालं, कागद अजून त्यांनाच येतात. उत्तर मीच लिहीन. शाळेतून रद्दीत निघालेल्या पुस्तकांवर आपली आपण वाचायला शिकले, एवढं तर येईल.

५ ऑक्टो.
उत्तर टपालात टाकलं. लिहिलं ते असं: पहिलं घर जव्हारचं, मोखाड्याला बदली झाली म्हणून विकलं. दुसरं मोखाड्याचं, परत बदली झाली म्हणून विकलं. तिसऱ्यात आम्ही एक दिवस राहिलो नाही, घरभरणीसुद्धा केली नाही. ज्या घराचा उपभोगच घेतला नाही, त्याचा कर कसला? हे वाक्य जमलं असं वाटलं. दोनदा मोठ्याने वाचून पाहिलं.

२१ ऑक्टो.
वकिलांना नक्कल दाखवली. त्यांनी कपाळाला हात लावला.
"वहिनी, पाठवण्याआधी विचारायचं तरी!"
राहायला बांधलं आणि मग विकलं, तर धंदा नाही. विकायलाच बांधलं तर धंदा, मग ते एकच घर का असेना. विकायच्या घराची घरभरणी बांधणारा करत नाही, घेणारा करतो. हे इकडे सगळ्यांना ठाऊक, बहुधा इन्कमटॅक्सच्या साहेबालाही. म्हणजे विकायलाच बांधलं, असं मीच सहीनिशी लिहून दिलं.
विचारलं, "पहिली दोन तर संस्थान असतानाची. ती करात येत नाहीत ना?"
"करात नाहीत, मोजणीत आहेत. तीन घरं म्हणजे सवय."
बदलीचे हुकूम काढणारे दुसरेच, आणि सवय ह्यांची.
निघताना म्हणाले, "घरभरणी का केली नाही?"
म्हटलं, राहून गेली.

२२ ऑक्टो.
राहून गेली नाही. इथे तरी खरं लिहावं.
मुहूर्त ठरला होता. शेजारणींकडून मोठी पातेली, पराती आणून ठेवल्या होत्या. चार दिवस आधी कुसुमला ताप आला. तिसऱ्या दिवशी गेली. सहा वर्षांची. एकुलती. पातेली न वापरताच परत केली, तरी एकीने माझ्यासमोर राखेने घासून घेतली. मी ह्यांना म्हटलं, त्या घरात पाऊल टाकणार नाही. ते विकून आले. विलीनीकरणानंतर बाहेरगावचे नोकरदार येत होते, घरं मिळत नव्हती. गिऱ्हाइकाने पहिला जो आकडा सांगितला तोच घेतला. तो आमचा नफा.
त्यातून हे लहान घर बांधलं. ह्याची घरभरणीही घाईत, दोघांचीच.

३० ऑक्टो.
धाकटे दीर खोडाळ्याहून आले.
"वहिनी, धंदा होता म्हणून सही करून मोकळ्या व्हा. दादा काय आता रागवायला येणार आहे?"
"आणि भरू कशातून?"
"हे घर विका. माझ्याकडे राहा."
म्हटलं, "भाऊजी, हे विकलं तर चौथं होईल. त्याची नोटीस तुमच्या पत्त्यावर मागवू का?"
चहा न घेता उठले. कोनाड्यातली सुपारी मात्र घेतली.

९ नोव्हें.
तिसऱ्या घराचं लाकूडकाम करणारा पोशेऱ्याचा सोनू सुतार बाजाराला आला होता. अंगणात बसून बोलला. "बाय, तो घर इकायचा नव्हता. मास्तर बोललं, ओटीचा कठडा खाली घे, पोरीचा हात पोचंल असा. इकायच्या घराला असा कोन करतं?"
मला हे माहीतच नव्हतं. मी त्या ओटीवर शेवटी गेलेच कुठे?
"साहेबासमोर सांगशील?"
"सांगन. नागली खळ्यात पडली हाय, पन येन. साहेब माझा ऐकंल?"
"माझं तरी कुठे ऐकतोय!"
हसला. मलाही हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.
संध्याकाळी वकिलांकडे. म्हणाले, सुतार तुमचाच माणूस, त्याने भागणार नाही. मुलीचं तुम्हीच सांगायला हवं. सोनूकडून त्यांना कळलं होतं.
नाही म्हटलं.

२४ नोव्हें.
गप्प बसले तर सरकारदप्तरी हे घरं विकणारे व्यापारी ठरणार. आयुष्यभर खडू हातात घेतलेला माणूस. बोलले तर कुसुमचा कागद होणार, त्यावर शिक्का, नंबर. आणि हे राहतं घर…

स्वयंपाक केला नाही आज.

२ डिसें.
काल ठाण्याहून परतले. सुनावणी झाली. सोनूला बाहेरच बसवून ठेवलं, बोलावलंच नाही. त्याचा दिवस फुकट.
मी सांगितलं. सगळं. मुहूर्त, ताप, पातेली, कठडा. कारकुनाने विचारलं, "मुलीचं वय?" सहा. त्याने लिहून घेतलं.
साहेब सभ्य होता. "बाई, वाईट वाटतं. पण मग हे पहिल्या पत्रात का नाही लिहिलंत?"
म्हटलं, "पत्रात तुम्ही नफा विचारला होता."
मग दुसऱ्या माणसाचं नाव पुकारलं.
बाहेर आल्यावर वकील म्हणाले, "बोललात छान. जरा डोळ्यांत पाणी आलं असतं तर." तीन वर्षांत पहिल्यांदा परक्या माणसांसमोर तिचं नाव घेतलं, त्यात हेही कमी पडलं.
निकाल टपालाने कळवतील. वकिलांना आशा आहे. विरुद्ध गेला तर घर जाईल, ते कळतं. बाजूने लागला आणि शेजारणींनी विचारलं, कर कसा काय माफ झाला, तर त्यांना काय सांगू?